तीन चमचे साखर आणि एक हमीपत्र

आमच्या शाळांतून हल्ली एक नवा वाङ्मयप्रकार रूढ होऊ लागला आहे. त्याला हमीपत्र म्हणतात. कथा, कादंबरी, नाटक यांच्या पंक्तीला तो अद्याप बसलेला नसला, तरी कल्पिताच्या बाबतीत तो कोणालाही हार जाणार नाही. मूल सहलीला निघाले की हमीपत्र. पळण्याच्या शर्यतीत उतरले की हमीपत्र. आणि आपल्या मुलाला मधुमेह आहे असे बापाने प्रामाणिकपणे येऊन सांगितले, की सर्वांच्या आधी हमीपत्र! असा एक कागद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे. पाल्याच्या आजारामुळे शाळेच्या वेळेत काही बरेवाईट घडल्यास त्यास शाळा, मुख्याध्यापक, शिक्षक अथवा संस्था जबाबदार राहणार नाही, असा त्याचा मजकूर. बाप बिचारा हळदीच्या रानातून सरळ आलेला. त्याचे मागणे एवढेच होते: "सर, लेकराला मधीच भूक लागली, हातपाय कापायला लागले, तर तासात बी खाऊ द्या. दुसरं काही नको." त्याच्याकडून सही घेण्यात आली. त्याच्या मागण्याचे काय, असे विचारल्यावर हेडमास्तर म्हणाले, "बघू."

आजच्या लेखाचा विषय हा 'बघू' आहे.

वाचकांनी दिवाळीच्या ताटावर बसून मधुमेहाची गोष्ट ऐकावी, हे अंमळ रसभंगाचेच. करंजी हातात असताना साखरेच्या रोगाचे नाव कोण घेईल? पण मला सांगावयाचे आहे ते साखर टाळण्याविषयी नाही, वेळेवर साखर देण्याविषयी आहे; तेव्हा करंजी खाली ठेवण्याचे कारण नाही.

मोठ्यांचा मधुमेह आणि लेकरांचा मधुमेह ही नावाने भावंडे असली, तरी स्वभावाने निराळी आहेत. ज्याला डॉक्टर 'टाईप वन' म्हणतात, त्या रोगात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा फडशा पाडते. आजीने लाडू फार दिले म्हणून हा रोग होत नाही, आईने गरोदरपणी पेढे खाल्ले म्हणूनही होत नाही. आळशी पोराला होतो आणि कष्टाळू पोराला होत नाही, असेही नाही. एकदा झाला की बाहेरून इन्सुलिन टोचल्यावाचून मूल जगत नाही. १९२२ सालच्या जानेवारीत टोरांटोच्या इस्पितळात ज्या रोग्याला पहिल्याने इन्सुलिन टोचले, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता. म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीच्या वर्गात बसणारा पोरगा! त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून त्यांचे मरण थोडे लांबविणे, एवढीच विद्या वैद्यकाजवळ होती. ज्यांनी हे औषध शोधले, त्यांनी त्याचे हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. शंभर वर्षे उलटून गेली. औषध हिंगोलीच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचले, पण अक्कल शाळेच्या फाटकाबाहेर उभी आहे.

आता यात शाळेचा संबंध कोठे येतो, ते पाहू. निरोगी माणसाचे शरीर घासागणिक इन्सुलिन सोडते आणि घास थांबला की हात आखडते. टोचलेल्या इन्सुलिनला ही समज नाही. ते एकदा अंगात गेले की परत बोलावता येत नाही. जेवण आले तरी ते काम करणार, आणि खिचडी शिजायला उशीर झाला तरीही करणार. साडेदहाला प्रार्थना, मग पाहुण्यांचे स्वागत, मग पाहुण्यांचे भाषण, मग आभार. आणि तोवर मधल्या सुटीची घंटा अर्ध्या तासाने लांबली, तर तुमच्या-माझ्या पोटात कावळे ओरडतील, एवढेच. त्या पोराच्या रक्तातली साखर मात्र खाली खाली जाऊ लागते. सत्तर मिलिग्रॅमच्या खाली उतरली की घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोर चिडते, भलतेच बोलते. मास्तरांना वाटते, पोर उद्धट झाले. यावर उपाय काय? तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम. साखर नसेल तर ग्लुकोजची पूड द्यावी. पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा रक्त तपासावे, सुधारणा नसेल तर पुन्हा तितकीच द्यावी. ही साखर वेळेवर मिळाली तर पोर पुढच्या तासाला गणित सोडवते. न मिळाली तर त्याची शुद्ध हरपते, झटके येतात, प्राणही जाऊ शकतो. आमच्या जिल्ह्यात ऊस आहे, वसमतला साखर कारखाना आहे. साखरेचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. दुष्काळ आहे तो परवानगीचा.

आणि परवानगीचा दुष्काळ सर्वांत कडक पडतो तो परीक्षेच्या मांडवात. दहावीचा पेपर अकराला सुरू होतो, पण मुलांना साडेदहालाच हजर व्हावे लागते. खेड्यातली मुलगी एस. टी. गाठायची म्हणून सातला सुई टोचून, भाकर खाऊन निघते. पेपर सुटतो दोन वाजून दहा मिनिटांनी. सात तास! माझ्या ओळखीतल्या एका मुलीने कंपासपेटीत साखरेची पुडी ठेवली होती. कॉपीमुक्तीच्या मोहिमेचा जोर होता. पुडी म्हटल्यावर पर्यवेक्षकांना भलताच वास आला, आणि पुडी दप्तराबरोबर बाहेर व्हरांड्यात गेली. मुलीने दोनदा हात वर केला. दोनदा उत्तर मिळाले, "पेपर लिहा." शेवटच्या तासाचे तिचे अक्षर मी मागाहून ऐकले तसे सांगतो: रेघोट्या होत्या. बाहेर मामा उभा होता, त्याने तिच्या तोंडात साखर घातली, म्हणून गोष्ट गुणांवरच निभावली. परीक्षेचे पावित्र्य राखले गेले. साखरेच्या पुडीत कोणत्या प्रश्नाचे उत्तर लिहून नेता येते, हे मला कोणी समजावून सांगेल तर मी त्याचा आभारी होईन.

असे नव्हे की या बाबतीत वरच्या लोकांना काही सुचलेले नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे शहरी लोक ज्याला सी. बी. एस. ई. म्हणतात त्या मंडळाने, २०१७ साली आपल्या दहावी-बारावीच्या मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळ, थोडा खाऊ व पाण्याची बाटली नेण्याची मोकळीक दिली. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांच्या शिक्षणखात्यांना पत्र धाडले. त्यात सगळे आहे. मुलाला वर्गात रक्त तपासू द्या. इन्सुलिन टोचून घेऊ द्या. मधल्या वेळी खाऊ द्या. डॉक्टर म्हणत असतील तर खेळू द्या. परीक्षेत साखरेची गोळी जवळ असू द्या, रक्त तपासण्याचे यंत्र पर्यवेक्षकांजवळ ठेवा आणि लागेल तेव्हा वापरू द्या. अंगाला लावलेला पंप किंवा साखर मोजणारा बिल्ला असेल तर तो काढायला लावू नका. इतके सुटसुटीत सरकारी पत्र मी तरी क्वचित पाहिले. केरळात तर अशा मुलांच्या उपचारासाठी सरकारी योजनाच आहे, आणि तिचे नाव 'मिठायी' असे ठेवलेले आहे. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार!

मात्र आयोगाला कायद्याने शिफारस करता येते, हुकूम सोडता येत नाही. शिफारस दिल्लीहून निघते, राजधानीत विसावते, विभागाच्या गावी मुक्काम करते, जिल्ह्याला पोचेपर्यंत तिच्या चपला झिजलेल्या असतात. मी एका मुख्याध्यापकांना त्या पत्राविषयी विचारले. ते म्हणाले, "आमच्याकडे आवक नाही." आवक नाही म्हणजे पत्र नाही, आणि पत्र नाही म्हणजे रोग नाही! औंढ्याजवळ आता गुरुत्वीय लहरी टिपण्याची वेधशाळा उभी राहावयाची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन तारे आदळले त्याची थरथर तेथे कळेल म्हणतात. तिसऱ्या बाकावरच्या लेकराच्या हाताची थरथर कळण्यासाठी मात्र आम्हाला आवक क्रमांक लागतो.

आता कायद्याकडे वळतो. मी वकील नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही. पण कायदा प्रजेसाठी असेल, तर तो मॅट्रिक झालेल्या माणसाला समजलाच पाहिजे, असा माझा हट्ट आहे.

अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. सिकलसेल तीत आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. म्हणजे रक्ताचे आजार त्या यादीत बसतात. लेकरांचा मधुमेह नाही. यादीच्या शेवटी एक ओळ मात्र आहे, की केंद्र सरकार अधिसूचना काढून आणखी प्रकार तीत घालू शकते. संसदेत वाद नको, मतदान नको. एक अधिसूचना पुरे. ती निघत नाही. आणि यादीत नाव नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून सवलत नाही, अशी उतरंड आमच्या शाळा-कचेऱ्यांनी रचून ठेवली आहे. टक्के किती, असे ते विचारतात. चाळीस टक्के असल्याखेरीज आमचे कान उघडत नाहीत. अहो, ज्या पोराची साखर अकराला चोपन्न आणि एकला दोनशे साठ असते, त्याचे टक्के कोणत्या वेळी मोजावयाचे?

पण याच कायद्यात अपंग व्यक्तीची जी मूळ व्याख्या आहे, ती यादीपेक्षा रुंद आहे. शरीरातले दीर्घकाळचे वैगुण्य आणि बाहेरचा अडथळा यांची गाठ पडून ज्याला इतरांच्या बरोबरीने वागता येत नाही, तो माणूस त्या व्याख्येत येतो. साखरेची पुडी हिसकावणारा पर्यवेक्षक हा 'बाहेरचा अडथळा' नव्हे तर दुसरे काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार या परीक्षार्थीच्या खटल्यात हीच गाठ सोडविली. त्या गृहस्थाचा हात लिहिताना आखडत असे. लेखनिक मागितला तर चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणून नाकारला गेला. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की वाजवी सोय करून देण्याचे कर्तव्य टक्केवारीवर अडून राहत नाही. हा निकाल मधुमेहाचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. आणि उद्या एखादा वकील तेवढाच धागा धरून भांडेल, हेही ठाऊक आहे. भांडू दे. ज्या न्यायाने आखडणाऱ्या हाताला लेखनिक मिळतो, त्याच न्यायाने कापणाऱ्या हाताला साखर मिळू नये, असे म्हणणाऱ्याचे तोंड मला न्यायालयात पाहावयाचे आहे. काही पालकांना 'अपंग' हा शब्दच नको असतो, आणि तेही मी समजू शकतो. पण शब्द न लावताही साखर देता येते.

आमच्या शिक्षकबंधूंची खरी भीती निराळीच आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही. ते म्हणतात, "आम्ही साखर दिली आणि काही झाले, तर पोलीस कोणाला धरतील?" जनगणना आमच्याकडे, निवडणूक आमच्याकडे, खिचडीचा हिशेब आमच्याकडे, आता इस्पितळही आमच्याकडे का? हा सवाल करणारा शिक्षक कामचुकार नाही, तो घाबरलेला आहे. त्याला कोणी कायद्याचे पुढचे पान दाखविलेले नाही.

ते पान असे. १८६० सालच्या इंग्रजी दंडसंहितेत ८९ आणि ९२ अशी दोन कलमे होती. जुलै २०२४ पासून ती संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तीत तीच कलमे २७ आणि ३० या क्रमांकांनी उभी आहेत. पहिले सांगते की बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, पालकाने किंवा ज्याच्या कायदेशीर ताब्यात मूल आहे त्याने, अथवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, सद्भावनेने केलेली गोष्ट गुन्हा होत नाही. दुसरे सांगते की संमती द्यावयाला माणूस शुद्धीवर नसेल आणि पालकाला विचारण्याइतका वेळ नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्याला दोष लागत नाही. या कलमाखाली उदाहरण दिले आहे तेसुद्धा एका अपघातात सापडलेल्या मुलाचे! गंमत अशी की यांतल्या पहिल्या कलमाचा आसरा या देशातल्या मास्तरांनी पूर्वी घेतला तो कशासाठी? छडीसाठी. पोराच्या भल्यासाठीच हाणले, असे कोर्टात सांगण्यासाठी. छडीला शिक्षणहक्काच्या कायद्याने २००९ साली मज्जाव केला. ज्या कलमाच्या पदराखाली पिढ्यान् पिढ्या वेत लपला, त्याच्या पदराखाली तीन चमचे साखर मावणार नाही काय?

मात्र कायद्यात 'सद्भावना' हा शब्द भोळा नाही. योग्य काळजी आणि लक्ष यांवाचून केलेली गोष्ट सद्भावनेची मानली जात नाही, असे संहितेनेच म्हणून ठेवले आहे. पोर बेशुद्ध पडलेले असताना कोणी घाईने त्याच्या तोंडात सरबत ओतले, तर ते श्वासनळीत जाऊन पोर गुदमरेल. शुद्ध असेल तर साखर. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नाही, कुशीवर निजवावे, १०८ ला फोन करावा, बापाला कळवावे. हे शिकायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास हेच शिक्षकाचे चिलखत आहे, आणि नेमका तोच अर्धा तास त्याला कोणी देत नाही. गणवेशाच्या रंगावर मात्र दीड दिवसाची बैठक होते.

आणि हमीपत्राचे काय? १९९५ च्या मे महिन्यात पठाणकोटच्या एका शाळेची चौदा मुले सहलीत बियास नदीत बुडाली. शिक्षक बरोबर होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००१ साली दर मुलामागे पाच लाखांची भरपाई शाळेच्या गळ्यात कायम झाली. मूल फाटकातून आत आले की त्याची काळजी शाळेची, असा त्याचा सरळ अर्थ. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हा गुन्हा आहे, आणि मुलाच्या बापाची सही घेऊन गुन्हा माफ होण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही. उलट, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने बुद्ध्या हेळसांड केली, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या पंचाहत्तराव्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. आता गंमत पाहा. हमीपत्रावर मुख्याध्यापक काय लिहून ठेवतात? या मुलाला अमुक आजार आहे हे आम्हाला माहीत आहे! म्हणजे ज्या कागदाने सुटका व्हावी म्हणून तो लिहून घेतला, तोच कागद उद्या त्यांना सर्व ठाऊक होते याचा पुरावा म्हणून त्यांच्याच विरुद्ध उभा राहील. स्वतःच्या हाताने स्वतःचे आरोपपत्र लिहून ते कपाटात कुलूपबंद ठेवणारा मनुष्य मी शाळेखेरीज अन्यत्र पाहिला नाही.

इंजेक्शनचा प्रश्न मात्र नाजूक आहे, आणि त्यात मी शिक्षकांच्या बाजूला आहे. मास्तराने सुई टोचलीच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा आपल्याकडे नाही, आणि नसावाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात यावर परिचारिकांची संघटनाच कोर्टात गेली होती. सुई आमच्याशिवाय कोणी टोचू नये, असे त्यांचे म्हणणे. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला की शिकवून तयार केलेल्या, स्वखुशीने पुढे आलेल्या शाळेतल्या माणसाने डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे टोचले तर कायद्याची हरकत नाही. आमच्याकडे शाळेत परिचारिकाच नाही, तेव्हा ते भांडणही नाही. दहा-बारा वर्षांची पोरे हात बसला की स्वतः टोचून घेतात. त्यांना हवा असतो तो एक कोपरा, जिथे इतर पोरे गराडा घालून चिडविणार नाहीत. वापरलेल्या सुईसाठी एक पत्र्याचा डबा. आणि मे-जूनच्या उन्हात इन्सुलिन तापू नये म्हणून माठाच्या गारव्याची जागा. ही काय फार मोठी जहागीर झाली?

पालकांनाही दोन शब्द सुनावल्यावाचून मला राहवत नाही. मुलगी असली की आजार लपविण्याकडे आपला कल. "उद्या लग्नाचं कसं हुईल, गुरुजी? चार जणात कशाला सांगता?" असे आईच पदर तोंडाला लावून म्हणते. लग्न दहा वर्षांनी व्हावयाचे. साखर उतरते ती आज दुपारी. शाळेला जे ठाऊक नाही त्यासाठी शाळेला जाब विचारता येत नाही, हा कायद्याचा साधा हिशेब आहे. जे कोणी झाडपाल्यावर विसंबून सुई बंद करतात, त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे. छत्रपती संभाजीनगरला 'उडान' नावाची संस्था अशाच लेकरांसाठी काम करते; मराठवाड्यातल्या आईबापांनी तिचा दरवाजा ठोठवावा.

दिवाळीची सुटी संपली की शाळा उघडेल. फेब्रुवारीत परीक्षा आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी तोवर एका पानाचा अर्ज तयार करावा. मुलाचे नाव, डॉक्टरांची चिठ्ठी, सुईच्या वेळा, साखर उतरल्याची लक्षणे, काय द्यावे आणि काय देऊ नये, फोनचे दोन क्रमांक; आणि आयोगाच्या २०२३ च्या पत्राचा उल्लेख. परीक्षार्थी असेल तर केंद्राच्या नावाने दुसरी प्रत. मुख्याध्यापकांनी हमीपत्र पुढे केले तर नम्रपणे म्हणावे, "सही करतो, सर, पण त्याखाली तुम्हीही एक ओळ लिहा, की तासात साखर खाऊ देऊ." अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवावयास सांगावे. समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. त्यांना काय वाटते ते तेथेच कळेल. आणि अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक त्यांच्याकडे द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.